अभ्यास मंडळात मांडलेला बदल विद्या परिषदेपर्यंत पोचतो कसा, आणि वाटेत हरवतो कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. संलग्न महाविद्यालयातल्या अर्थशास्त्राच्या एक विभागप्रमुख निवडणुकीतून विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर (एका विषयाचा अभ्यासक्रम सुचवणारं मंडळ) आल्या. पाचव्या सत्रातल्या 'भारतीय अर्थव्यवस्था' या विषयाचा निम्मा भाग तिसऱ्या सत्राचाच आहे. तो काढून तिथे आकडेवारी हाताळण्याचं प्रात्यक्षिक आणावं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या बैठकीत त्यांनी ते मांडलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. महिन्याभराने इतिवृत्त आलं, त्यात एकच ओळ: "अभ्यासक्रमावर सविस्तर चर्चा झाली." आता पुढे काय करायचं?

"सविस्तर चर्चा झाली" याचा कार्यालयीन भाषेत अर्थ "काही ठरलं नाही" असा होतो. ते इतिवृत्त चुकीचंही नाही, कारण बैठकीत कोणताच ठराव मांडला गेला नव्हता. त्यामुळे पुढच्या बैठकीत "मागील इतिवृत्त कायम करणे" या विषयावर वाद घालून उपयोग नाही. तिथे फक्त नोंद बरोबर की चूक एवढंच विचारलं जातं, निर्णय नव्याने उघडता येत नाही. तुमचा विषय कार्यसूचीवर स्वतंत्र बाब म्हणून आणा.

आधी वाट समजून घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 (अंमल 1 मार्च 2017 पासून) प्रमाणे अभ्यास मंडळ अभ्यासक्रमाची शिफारस करतं. ती विद्याशाखेकडे, म्हणजे मानव्यविद्या, वाणिज्य अशा विषयगटाच्या मंडळाकडे जाते, आणि तिथून विद्या परिषदेकडे, म्हणजे विद्यापीठाच्या सर्वोच्च शैक्षणिक प्राधिकरणाकडे. अभ्यास मंडळाचे अध्यक्ष विद्याशाखेचे सदस्य असतात, म्हणजे तिथे तुमच्या बाजूने बोलायला निदान एक माणूस आहे. विद्या परिषदेत मात्र एकाच दिवशी चारही विद्याशाखांच्या अनेक मंडळांचे गठ्ठे येतात. तुमच्या वाट्याला दोन मिनिटं आली तरी पुष्कळ. तुमच्या बैठकीत कोण किती पोटतिडकीने बोललं हे तिथे कुणालाच माहीत नसतं. समोर असतो फक्त कागद. म्हणून तीन गोष्टी स्वतःच्या हाताने लिहायच्या: विषयाची टिप्पणी, ठरावाचा मसुदा आणि परिशिष्ट. या तीन गोष्टी दुसऱ्यावर सोपवल्या की विषय हातातून गेला असं समजा.

विषय कार्यसूचीवर आणायचा तर अध्यक्षांच्या नावाने पत्र द्या, प्रत शैक्षणिक विभागाला (काही विद्यापीठांत त्याला विद्या विभाग म्हणतात), आणि आवक क्रमांक घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मजकूर आवक होत नाही, तिथल्या अंगठ्यांनाही काही किंमत नाही. पत्र बैठकीची सूचना निघण्याआधी पोचायला हवं. उशीर झाला की विषय "ऐनवेळचे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने" या शेवटच्या खान्यात जातो. तिथे जाऊ देऊ नका. तोपर्यंत निम्मे सदस्य गाडी पकडायला उठलेले असतात, कुणी कागद वाचलेला नसतो, आणि विरोध करणाऱ्याला "हा विषय आम्हाला आधी कळवला नव्हता" हे आयतं कारण मिळतं. शिवाय गणपूर्ती (बैठकीला लागणारी किमान उपस्थिती) उरली का, हा प्रश्न नेमका तेव्हाच उभा राहतो. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली बैठक पुन्हा भरली तर त्यात साधारणपणे जुन्याच कार्यसूचीवरचे विषय घेतात, नवा विषय शिरत नाही.

टिप्पणी एका पानाची असावी, फार तर पाठपोट. तिच्यात सहा गोष्टी हव्यात: सध्या काय आहे, अडचण काय, काय बदलायचं, क्रेडिट (श्रेयांक) व तासिकांवर परिणाम, जुन्या विद्यार्थ्यांची सोय, आणि कधीपासून लागू. अडचण सांगताना "विद्यार्थ्यांना कंटाळा येतो" असं लिहू नका. दोन्ही अभ्यासक्रमांतले घटक समोरासमोर ठेवा आणि कुठले मुद्दे शब्दशः पुन्हा आलेत ते अधोरेखित करा. अशा तक्त्यावर कुणाला फारसं बोलता येत नाही.

बदल फक्त दोन घटकांपुरता मागा. पूर्ण अभ्यासक्रम नव्याने टंकलिखित करून नेलात की प्रत्येक सदस्य आपापल्या आवडीचा मुद्दा उघडतो. कुणाला सहकार हवा असतो, कुणाला पर्यावरण, आणि तुमचे दोन घटक त्या गलबल्यात राहून जातात.

आता जिथे असे प्रस्ताव खरे अडतात तिकडे वळू: तासिका. 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने पदवीचा क्रेडिटचा सांगाडा बांधून दिला, नंतर त्यात सुधारणाही झाल्या. एका सत्राला 20 ते 22 क्रेडिट, मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक विषय) यांचे ठरलेले कप्पे. त्या कप्प्यांना हात लावणं मंडळाच्या अखत्यारीत नाही, कप्प्याच्या आत काय भरायचं ते आहे. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे 15 तास, प्रात्यक्षिकाचे 30. हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याचा हिशेब फार थोडे करतात.

तुमचा विषय 4 क्रेडिटचा आहे. आज तो पूर्ण थिअरी आहे, म्हणजे 60 तास, पंधरा आठवड्यांना भागलं तर आठवड्याला 4 तासिका. तुम्ही म्हणता 2 क्रेडिट थिअरी आणि 2 क्रेडिट प्रात्यक्षिक करा. थिअरी 30 तास झाली, आठवड्याला 2. प्रात्यक्षिक 60 तास, आठवड्याला 4. वरवर पाहता 4 च्या जागी 6. पण प्रात्यक्षिक बॅचनिहाय घ्यावं लागतं. वर्गात 60 विद्यार्थी आणि 20 ची एक बॅच धरली तर तीन बॅच, म्हणजे 12 तास. एकूण 14. एका विषयाच्या 4 तासिकांच्या 14 झाल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार सहाय्यक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करायचं असतं. म्हणजे तुमचा एक विषय जवळजवळ एक पद खातो. पदं शासन देतं, अभ्यास मंडळ नाही. अनुदानित महाविद्यालयात हा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकावर पडणार, विनाअनुदानितमध्ये संस्थाचालक कपाळाला हात लावणार. विद्या परिषदेतल्या एखाद्या प्राचार्याने हा हिशेब तोंडी मांडला की प्रस्ताव "फेरविचारार्थ परत" येतो, आणि आलेला बरा, कारण हिशेब त्यांचाच बरोबर असतो.

त्याउलट कुणाला आपला कार्यभार कमी होईल अशी धास्ती असते. थिअरीचे दोन घटक गेले की आपले तास गेले, असं वाटणारे सदस्य उघड बोलत नाहीत. ते "विषयाची खोली कमी होईल" असं म्हणतात. टिप्पणीत आधीचे तास आणि नंतरचे तास असे दोन आकडे शेजारी छापले की ही शंका तिथेच विरते.

यातून वाट तीन प्रकारे निघते. 3 अधिक 1 केलंत तर थिअरी आठवड्याला 3, प्रात्यक्षिक 2, तीन बॅचचे 6, एकूण 9. हेही जड आहे. दुसरी वाट म्हणजे आकडेवारीचं काम मेजरमध्ये न घालता कौशल्याधिष्ठित कप्प्यात 2 क्रेडिटचा वेगळा विषय म्हणून नेणं. तिथे प्रात्यक्षिक अपेक्षितच असतं, पण त्या कप्प्यावर आधीच कुणीतरी हक्क सांगून बसलेलं असतं. तिसरी वाट सगळ्यांत कमी देखणी आणि पहिल्या खेपेला सगळ्यांत बरी: विषय 4 क्रेडिट थिअरीच ठेवायचा, पुन्हा येणारे दोन घटक बदलायचे, आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांतले अर्धे गुण आकडेवारीच्या वहीला द्यायचे. तुमच्याकडे सत्रान्त परीक्षेला 60 आणि अंतर्गतला 40 असं प्रमाण असेल तर 40 पैकी 20. विद्यार्थी जनगणनेचे किंवा रिझर्व्ह बँकेचे आकडे घेऊन पाच सराव करेल: सरासरी, वाढीचा दर, निर्देशांक, आलेख, आणि एका पानाचा निष्कर्ष. तासिका एकही वाढत नाही. संगणक कक्ष नसलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयातही मोबाइलवर किंवा कागदावर हे होतं. माझं मत विचाराल तर याच वाटेने जा. दोन वर्षं ती वही नीट चालली की प्रात्यक्षिकाची मागणी महाविद्यालयांकडूनच येईल, आणि तेव्हा ती नाकारणं अवघड जाईल.

दुसरी अडचण परीक्षा विभागाची, आणि ती बहुतेक प्रस्तावांत विसरली जाते. जुन्या अभ्यासक्रमात एटीकेटी लागलेल्या, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्या विद्यार्थ्याचं काय? विषय बदलला की समकक्षतेचा तक्ता लागतो: जुना विषय, त्याचा संकेतांक, नवा विषय, त्याचा संकेतांक, जुन्या अभ्यासक्रमावर आणखी किती परीक्षा घेणार, त्यानंतर विद्यार्थ्याने काय द्यायचं. निम्माच विषय बदलला तर नाव आणि संकेतांक तेच ठेवायचे की नाही, हेही स्पष्ट लिहायला हवं. संकेतांक तोच आणि आशय वेगळा असेल तर निकालाच्या संगणक प्रणालीत जुना आणि नवा विद्यार्थी एकाच यादीत येतात आणि दोघांनाही तीच प्रश्नपत्रिका मिळते. मग परीक्षा केंद्रावर गोंधळ, आणि तक्रारी तुमच्या मंडळाकडे. हा तक्ता चार ओळींचा असतो. तो नसला तर परिपत्रक महिनोन् महिने अडकून पडू शकतं.

मराठी माध्यमाचाही एक तिढा आहे. मानव्यविद्येत मोठ्या संख्येने विद्यार्थी उत्तरं मराठीत लिहितात, आणि नव्या घटकाची संदर्भसूची मात्र सगळी इंग्रजी असते. परिशिष्टात निदान पारिभाषिक शब्दांची एक यादी जोडा. नाहीतर प्रश्नपत्रिका काढणारा एक शब्द वापरतो, शिकवणारा दुसरा, आणि विद्यार्थी मधल्या मध्ये अडकतो.

संदर्भग्रंथांवरून आठवलं. मंडळात पाठ्यपुस्तकांचे लेखक असतात, त्यात गैर काही नाही, विषय जाणणारी माणसंच पुस्तकं लिहितात. पण स्वतःच्या पुस्तकाची शिफारस होत असताना त्या सदस्याने चर्चेतून बाजूला व्हावं आणि तशी नोंद इतिवृत्तात यावी. जुना घटक काढायला होणारा कडवा विरोध कधी कधी छापून पडलेल्या प्रतींमुळे असतो. हे बैठकीत बोलून दाखवू नका, फक्त ओळखून असा.

आता ठराव. तो घरून लिहून न्या आणि टिप्पणीच्या तळाशीच छापा. साधारण असा:

"तृतीय वर्ष बी.ए. अर्थशास्त्र, सत्र 5 मधील 'भारतीय अर्थव्यवस्था' या विषयाचे घटक 1 व 2 वगळून त्याऐवजी परिशिष्ट 'अ' मधील घटक समाविष्ट करावेत. विषयाचे श्रेयांक (4) व सत्रान्त परीक्षेचा आराखडा पूर्ववत राहील. अंतर्गत मूल्यमापन परिशिष्ट 'ब' प्रमाणे राहील. हा बदल पुढील शैक्षणिक वर्षापासून सत्र 5 मध्ये प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना लागू करावा. पूर्वीच्या अभ्यासक्रमातील अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी परिशिष्ट 'क' मधील समकक्षता लागू करावी. अशी शिफारस विद्याशाखेकडे करण्यात येत आहे. सूचक: … अनुमोदक: …"

शेवटचं क्रियापद बघा: शिफारस. मंडळाने "मंजूर करण्यात आले" असं लिहिलं तर वर कुणीतरी त्यावर बोट ठेवणारच. "पुढील शैक्षणिक वर्ष" याच्या जागी प्रत्यक्ष वर्ष आकड्यात घाला, कारण ठराव वर पोचेपर्यंत "पुढील" कुठलं यावर मतभेद होतात. अनुमोदक आधी ठरवून ठेवा, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा विद्यापीठ विभागातला. निवडून आलेल्या विभागप्रमुखांनी एकमेकांना अनुमोदन दिलं की तो गट वाटतो. मंडळावर बाहेरच्या विद्यापीठातले किंवा उद्योगक्षेत्रातले सदस्य घेतलेले असतात. त्यांना टिप्पणी आठ दिवस आधी पाठवा. आकडेवारीच्या कौशल्याबद्दल त्यांचं एक वाक्य तुमच्या दहा वाक्यांना भारी पडतं.

बैठकीत चार शब्दप्रयोगांपासून सावध राहायचं. "तत्त्वतः मान्यता": याने काहीही अमलात येत नाही. "नोंद घेण्यात आली": विषय संपला. "उपसमिती नेमण्यात यावी": तिची नावं, कार्यकक्षा आणि अहवालाची तारीख त्याच ठरावात असेल तर ठीक, नाहीतर विषय थंड बस्त्यात. तीन ते पाच जणांची उपसमिती पुरते, त्याहून मोठी झाली की तिचीच गणपूर्ती होत नाही. आणि चौथा सगळ्यांत गोड: "आवश्यक त्या दुरुस्त्या करण्याचे अधिकार मा. अध्यक्षांना देण्यात आले." अध्यक्ष कितीही सज्जन असोत, त्या वाक्याखाली अख्खा घटक बदलून जाऊ शकतो आणि तो नियमातच बसतो. नम्रपणे एवढंच सुचवा: "सर, भाषा व मुद्रणदोषांपुरते असे शब्द घालूया." याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

मतदानाची वेळ आली तर मागेपुढे पाहू नका, पण स्वतःहून मागूही नका. काठावरच्या बहुमताने वर गेलेला प्रस्ताव अशक्त असतो. विद्याशाखेत पहिला प्रश्न हाच येतो की मंडळातच एकमत का नव्हतं. हरलात आणि मुद्दा खरोखर महत्त्वाचा वाटत असेल तर भिन्नमताची टिप्पणी द्या. बैठक संपण्यापूर्वी, लेखी, तीन-चार ओळींत, सहीनिशी. दोन दिवसांनी पाठवलेलं भिन्नमत हे साधं पत्र होतं, इतिवृत्ताचा भाग होत नाही.

बैठक संपली की त्याच संध्याकाळी अध्यक्षांना ईमेल करा, प्रत शैक्षणिक विभागाला: "आज बाब क्रमांक अमुक वर पुढीलप्रमाणे ठराव संमत झाला," आणि खाली ठराव जसाच्या तसा. सूर तक्रारीचा नको, मदतीचा हवा. इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसाला असा तयार मजकूर हवाच असतो, तो चिकटवणं सोपं जातं. कच्चं इतिवृत्त आल्यावर ठराव, तारीख, परिशिष्टांची अक्षरं ताडून पाहा. चूक असली तर दिलेल्या मुदतीत लेखी कळवा. इतिवृत्त आलंच नाही तर सदस्य म्हणून पत्राने मागा. तेवढ्यानेही हलत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपये शुल्क आणि तीस दिवस. पण सदस्याने आपल्याच मंडळाची कागदपत्रं त्या वाटेने मागण्याची वेळ आली, तर पुढची दोन वर्षं तिथलं वातावरण कसं असेल याचाही विचार करा.

वेळापत्रक उलटं मोजा. बदल जूनपासून हवा तर परिपत्रक एप्रिलमध्ये महाविद्यालयांत पोचलं पाहिजे. त्यासाठी विद्या परिषद मार्चपर्यंत, विद्याशाखा फेब्रुवारीत, तुमचं मंडळ जानेवारीच्या आत. म्हणजे टिप्पणी दिवाळीच्या सुट्टीत लिहून व्हायला हवी. विद्या परिषदेची एक बैठक हुकली की कागदावर दोन-तीन महिने जातात, प्रत्यक्षात वर्ष.

उशीर झाला की कुणीतरी हमखास सुचवतं: "ट्वेल्व्ह सेव्हनखाली करून घेऊ." अधिनियमाच्या कलम 12 (7) मध्ये कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी प्राधिकरणाच्या वतीने कार्यवाही करता येते. मग तातडीची कारणं आणि केलेली कार्यवाही त्या प्राधिकरणाला लवकरात लवकर लेखी कळवावी लागते. प्राधिकरणाचं मत वेगळं पडलं तर प्रकरण कुलपतींकडे जातं. पूर, साथ, न्यायालयाचा आदेश अशा वेळी ही तरतूद हवीच. पण मंडळाने बैठक वेळेत घेतली नाही ही तातडी होत नाही. शिवाय अशा मंजुरीचा विषय पुढच्या बैठकीत "अवलोकनार्थ", म्हणजे फक्त माहितीसाठी म्हणून येतो आणि त्यावर चर्चा जवळजवळ होत नाही. आज तुमचा चांगला बदल असा गेला तर उद्या दुसऱ्याचा वाईटही तसाच जाईल आणि तुम्हाला बोलायला तोंड राहणार नाही. कलम 12 (8) वेगळं आहे. ज्या बाबीवर परिनियम, अध्यादेश किंवा विनियम अजून झालेलेच नाहीत तिथे तात्पुरते निदेश काढण्यासाठी ते आहे. दोन्हींची गल्लत टिप्पणीत करू नका.

परिपत्रक निघालं की त्यावर विद्या परिषदेच्या बैठकीची तारीख आणि बाब क्रमांक पाहा आणि सोबतचा अभ्यासक्रम तुमच्या परिशिष्टाशी ओळीने ओळ जुळवा. जुनीच फाइल संकेतस्थळावर चढलेली असणं, घटक क्रमांक मागेपुढे होणं, अंतर्गत गुणांचा तक्ता गळणं हे नेहमीचे प्रकार. शुद्धिपत्रक सत्र सुरू होण्याआधी निघालं तर कुणाचं नुकसान होत नाही. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची नावं मंडळ सुचवतं तेव्हा त्या यादीसोबत परीक्षा विभागाला नव्या अभ्यासक्रमाची प्रत स्वतंत्रपणे द्या, वर ठळक अक्षरात "घटक 1 व 2 बदलले आहेत" असं लिहून. पहिल्या परीक्षेत जुन्या घटकावर वीस गुणांचा प्रश्न येतो तो बहुतेक वेळा काढणाऱ्याच्या हातात गेल्या वर्षीचीच प्रत असल्यामुळे.